मॉरिस मायनर १०००: बदली कार्ब्युरेटर नेमका कुठल्या गाडीचा, हे ओळखायचं कसं?

हिरवी_मायनर
शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बर्मिंगहॅमहून लिहितोय. प्रश्न तांत्रिक आहे, पण गाडीची ओळख करून दिल्याशिवाय राहवत नाही.

आमचे आजोबा सांगलीला डॉक्टर होते. खेड्यापाड्यांत व्हिजिटला ते बेबी हिंदुस्तान घेऊन जायचे, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सने आपल्याकडे जोडलेली मॉरिस मायनर. ती चालताना मी कधी पाहिली नाही. मला आठवते ती परसात विटांवर उभी केलेली, आत कोंबडी अंडी घालायची अशी. आजी शेवटपर्यंत तिला 'डॉक्टरांची गाडी' म्हणायची. ती भंगारात गेली तेव्हा मी चौथीत होतो. तीन वर्षांपूर्वी इथे एका निवृत्त शिक्षिकेकडून मी १९६५ ची मायनर १००० घेतली. चार दारी, फिकट हिरवी, १०९८ सीसीचं इंजिन. त्यांच्या यजमानांनी ती तीस वर्षं जपली होती.

आता मुद्दा. मूळ कार्बची थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटलची चकती फिरवणारा दांडा) झिजली होती. बोटाने हलवली की खटखट वाजायची, आणि स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) कधी वर जायचा, कधी खाली. म्हणून जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक वापरलेला एसयू एचएस२ घेतला. विकणाऱ्याने 'मायनरचाच आहे' असं सांगितलं. जुन्याशेजारी ठेवला तर जुळ्या भावासारखा दिसत होता. बसवला, स्लो छान लागला. पण इथल्या लिकी हिल्स टेकड्यांचा चढ आला की गाडी मार खाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर कार्बमधूनच उलटा फटका येतो, फुस्स-फट करून. सपाटीवर ४० मैलांपर्यंत ठीक, पुढे दम नाही. चोक अर्धा ओढला की चढते!

ओळखपट्टी गायब आहे. हा कार्ब खरोखर माझ्या इंजिनाचा आहे का, हे कसं कळेल?

---

घाटवळण
शनिवार, रात्री १०:१५

डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बच्या वरच्या घंटेतल्या डँपरमध्ये, तेल आहे का ते आधी बघा. एसयूला अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो. पिस्टन झटकन वर जाऊ नये म्हणून डँपरमधलं तेल त्याला क्षणभर अडवून धरतं आणि तेवढ्यात मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. तेल नसेल तर पाय दाबताच गाडी गचका खाते.

---

हिरवी_मायनर
शनिवार, रात्री १०:३२

तेल आहे, २० ग्रेडचं, कालच भरलं. आणि त्रास फक्त पाय दाबताना नाही, चढ संपेपर्यंत सतत असतो.

---

रेसकोर्स
रविवार, सकाळी ८:०५

माझं प्रामाणिक मत सांगू? एसयू काढा आणि मॅनिफोल्डसकट (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या पाइपासकट) वेबर कंपनीचा कार्ब बसवा. तयार किट मिळतं. मी एका मित्राच्या जुन्या मिनीवर बसवलेला पाहिला आहे, पिकअप मस्त.

---

उद्यमनगर
रविवार, सकाळी ११:२०

हिरवी_मायनर, तुमचा धागा वाचून हात शिवशिवले. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं वर्कशॉप होतं. जुन्या १४८९ सीसीच्या अँबॅसडरवर एसयू असायचा, आणि सत्तरच्या दशकात आठवड्याला चार तरी माझ्या टेबलावर उघडलेले असत. आता वय झालं, पण एसयू डोळे मिटून उघडीन.

रेसकोर्स, वेबर वाईट नाही. पण दोष कुठे आहे ते सापडण्याआधी कार्ब बदलू नये. उद्या वेबर बसवला आणि दोष प्लगच्या वायरीत निघाला तर काय?

'चोक अर्धा ओढला की चढते' हे तुम्ही लिहिलंत ना, त्यातच उत्तर आहे. एसयूचा चोक हवा अडवत नाही. तो जेट (पेट्रोल येतं ती भोकाची नळी) खाली ओढतो, म्हणजे पेट्रोल वाढवतो. पेट्रोल वाढलं की गाडी चढते, याचा अर्थ वरच्या भागात तुमचं मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे. कार्बमधून उलटा फटका येणं हेही लीनचंच लक्षण. आता ते लीन का, हे शोधायचं.

ओळखीचं म्हणाल तर बाहेरच्या अंगावर जाऊ नका. एसयूचं अंग हजार गाड्यांना सारखं असतं. एका गाडीचा कार्ब दुसऱ्या गाडीपासून वेगळा होतो तो आतल्या सुईमुळे. तरी बाहेरून सुरुवात करू.

आकार: एच किंवा एचएसच्या पुढचा आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती सूत. आपल्याकडचा कुठलाही सुतार किंवा लेथवाला हे लगेच सांगेल, कारण एका इंचाचे आठ सूत. एचएस२ म्हणजे एक इंच दोन सूत, म्हणजे सव्वा इंची. एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन इंची. इंजिनाच्या बाजूने, थ्रॉटलच्या चकतीजवळ भोकाचा व्यास मोजा.

एच की एचएस: फ्लोट चेंबरच्या बुडातून जेटपर्यंत बाहेरून एक नायलॉनची नळी जात असेल तर एचएस. नळी नसेल, पेट्रोल आतूनच जात असेल आणि खाली जेटशी ओल दिसत असेल तर जुना एच. त्यात बुचाच्या पॅकिंगी असतात, त्या सुकल्या की गळतातच.

ओळखपट्टी: वरच्या घंटेच्या, म्हणजे सक्शन चेंबरच्या, एका स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी असते. त्यावर एयूसी किंवा एयूडी अशी अक्षरं आणि आकडा. त्या आकड्यावरून कुठली गाडी, कुठली सुई, कुठली स्प्रिंग हे सगळं निघतं. पण घंटा उघडणारा प्रत्येक जण ती पट्टी हरवतो. तुमचीही तशीच गेली असणार.

थ्रॉटलची चकती: चकतीत स्प्रिंग असलेला छोटासा गोल व्हॉल्व्ह आहे का बघा. असला तर तो प्रदूषण नियमांच्या काळातला, नंतरचा कार्ब. त्याची स्प्रिंग ढिली झाली की स्लो खाली येतच नाही. साधी चकती बसवली की तो त्रास संपतो.

जेटचं बूड: खाली जाडजूड डबीसारखं काही असेल तर ते मेणाचं जेट. तापमानाप्रमाणे ते स्वतःच वरखाली होतं. तेही नंतरच्या काळातलं.

आता घंटा उघडा. त्याचे सगळे स्क्रू सोडवा. उघडण्याआधी घंटेवर आणि अंगावर मिळून पेन्सिलीची एक रेघ मारा, म्हणजे परत तशीच बसवता येईल. पिस्टन सरळ वर उचला, सुई कुठेही टेकू देऊ नका, आणि जुन्या कार्बच्या पिस्टनशी अदलाबदल तर मुळीच नको. पिस्टन आणि घंटा ही जोडी एकमेकांत मापाने बसवलेली असते. बदलायचीच झाली तर दोन्ही मिळून.

स्प्रिंगचं टोक रंगवलेलं असतं. लाल म्हणजे साडेचार औंसांची, निळी अडीच औंसांची, पिवळी आठ औंसांची. तुम्हाला लाल हवी.

मग सुई. पिस्टनच्या बाजूचा बारीक स्क्रू सोडवला की सुई निघते. तिच्या जाड भागावर एक ते तीन अक्षरं कोरलेली असतात. भिंग घ्या, दिवा तिरका धरा. ती अक्षरं इथे लिहा, बाकीचं आपण बघू.

---

सुईदोरा
रविवार, दुपारी १:४०

उद्यमनगर काका, सुताचा हिशेब वाचून मन भरून आलं. माझे वडील फर्निचर करायचे, 'दोन सूत कमी कर' हे ऐकतच मी मोठी झाले. बर्मिंगहॅमच्या कंपनीचा मॉडेल नंबर आमच्या अड्ड्यावरच्या मापात वाचता येतो हे कधी वाटलं नव्हतं.

मी पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकवते, आणि एसयू वर्गात नेहमी दाखवते. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि त्याचा भाऊ थॉमस कार्लाइल स्किनर यांची ही कल्पना. घराणं लंडनच्या बुटांच्या व्यापारातलं, आणि सुरुवातीच्या कार्बमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता! पेटंटचा अर्ज १९०५ चा, कंपनी १९१० ची, आणि १९२६ साली विल्यम मॉरिसने ती विकत घेतली. म्हणून मॉरिसच्या गाड्यांवर एसयू.

तत्त्व फार देखणं आहे. सोलेक्ससारख्या दुसऱ्या जातीच्या कार्बमध्ये स्लोचं जेट वेगळं, मेन जेट वेगळं, पंप वेगळा. एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात निमुळती सुई. इंजिनाने हवा जास्त ओढली की पिस्टन वर उचलला जातो आणि हवेची वाट तेवढीच रुंद होते. त्यामुळे जेटवरची ओढ जवळजवळ कायम राहते. सुईसुद्धा पिस्टनबरोबर वर येते, तिचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोल वाढतं. म्हणजे इंजिनाला कुठल्या टप्प्यावर किती पेट्रोल मिळायचं ते सगळं त्या सुईच्या निमुळतेपणात लिहिलेलं असतं.

स्लो छान आणि चढावर लीन, हे म्हणूनच शक्य आहे. खालच्या नटाने जेट वरखाली करून तुम्ही स्लोचं मिश्रण बरोबर केलंत. पण सुईचा वरचा आकार चुकीचा असेल तर नट तिथे काही करू शकत नाही.

---

हिरवी_मायनर
मंगळवार, रात्री ११:१०

काका, ताई, तुमचे दोघांचे प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये भिंतीला चिकटवले आहेत. आज कामावरून आल्यावर सगळं उघडलं.

व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे एक इंच दोन सूत. बाहेरून नायलॉनची नळी आहे, म्हणजे एचएस२. चकती साधी. जेटला मेणाची डबी नाही. स्प्रिंगच्या टोकाला लाल रंगाचा अंश दिसतो. सुई पिस्टनमध्ये घट्ट, झुकणारी नाही.

सुईवरची अक्षरं सापडायला अर्धा तास लागला. शेवटी मोबाइलचा कॅमेरा भिंगाला लावला तेव्हा दिसली: ईबी.

मग जुन्या कार्बची सुई काढली. तिच्यावर एएन.

---

जुनी_पोथी
मंगळवार, रात्री ११:४५

माझ्याकडे मायनरचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल आहे. आत्ताच काढून बघितलं. १०९८ सीसीच्या मायनरला एचएस२, जेट ९० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), स्प्रिंग लाल. सुई स्टँडर्ड एएन, रिच एच६, लीन ईबी.

म्हणजे तुमच्या इंजिनाच्या तक्त्यात ईबी ही मुद्दाम लीन ठेवायची सुई आहे. आणि ८४८ सीसीच्या सुरुवातीच्या मिनीला हीच ईबी स्टँडर्ड. जवळजवळ खात्रीने सांगतो, तुमचा कार्ब छोट्या मिनीवरून उतरलेला आहे.

---

उद्यमनगर
बुधवार, सकाळी ७:३०

बरोबर. पाव लिटर लहान इंजिनाची सुई मोठ्या इंजिनाला घातलीत. इंजिन उपाशी राहिलं, म्हणून चढावर बोंबलतंय.

विकणाऱ्याला दोष देऊ नका, त्यालाही बाहेरून सारखाच दिसला असेल. कार्ब ठणठणीत असेल तर परत करायचीही गरज नाही. स्पिंडल तपासा. आडवी हलते का? हलत नसेल तर सोन्याचा तुकडा मिळाला समजा.

---

हिरवी_मायनर
बुधवार, दुपारी १२:५०

स्पिंडल अजिबात हलत नाही. मग जुन्या कार्बमधली एएन सुई काढून यात घालू का? फुकटात काम होईल.

---

उद्यमनगर
बुधवार, सायंकाळी ६:१५

आधी ती सुई उजेडात फिरवून बघा. एका बाजूला चकचकीत घासलेली पट्टी दिसते का?

---

हिरवी_मायनर
बुधवार, रात्री ८:०२

दिसते. टोकाकडे, एकाच बाजूला. लांबी साधारण दोन सूत. (हे माप आता आपोआप तोंडात येतं.)

---

उद्यमनगर
बुधवार, रात्री ८:४०

मग नको. जेट मध्यावर नव्हतं, सुई वर्षानुवर्षं एका कडेला घासली. तेवढ्या भागात ती बारीक झाली आणि जेटचं भोकही लंबगोल झालं. नवी एएन सुई आणि नवं जेट, दोन्ही घ्या. एसयूचे भाग आजही बनतात हे इंग्लंडात राहणाऱ्याचं भाग्य. आम्ही अँबॅसडरच्या सुया लेथवर पॉलिश पेपरने घासून 'बनवायचो'. गाडी चालायची, पण ते काम मनाला कधी पटलं नाही. जेट घेताना फ्लोट चेंबर कार्बच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगा. नळीची लांबी त्यावर असते.

---

मांडवीकाठ
गुरुवार, सकाळी ९:१५

धाग्यात मध्येच घुसतो. माझ्याकडे पणजीला १९६८ ची अँबॅसडर आहे. तिचा कार्ब जेटपाशी सतत ओला असतो. नवीन जेट घेऊ का?

---

उद्यमनगर
गुरुवार, सकाळी १०:००

आधी बाहेरची नळी आहे की नाही ते बघा. नळी असेल तर नळीच्या तोंडाशी, फ्लोट चेंबरच्या बुडातला छोटा रबरी गोळा चपटला असेल. नळी नसेल तर जेटभोवतीच्या पॅकिंगी. दोन्ही स्वस्त. आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी करा. मॅनिफोल्ड खालीच आहे हो, पेट्रोल एक्झॉस्टवर पडतं.

---

सुईदोरा
गुरुवार, सकाळी ११:३०

मांडवीकाठ, आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. जुनी रबरं इथेनॉलमध्ये फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. तुमच्या ओलीचं कारण तेही असू शकतं. टाकीपासून कार्बपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलून टाका, इथेनॉल चालेल असं छापलेलेच घ्या. हिरवी_मायनर, तुमच्याकडेही सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के असतं ना?

---

हिरवी_मायनर
गुरुवार, दुपारी १:०५

हो. साधं ९५ चं पेट्रोल ई१० आहे. मी महागडं सुपर भरतो, त्यात ५ टक्क्यांपर्यंत. पाइप मागच्या वर्षी बदलले, आर९ (इथेनॉल चालणारे) छापलेले.

सुई, जेट, मॅनिफोल्डची गॅस्केट, फ्लोटची सुई-सीट (फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा व्हॉल्व्ह) हे सगळं मागवलंय. शनिवारी येईल. काका, बसवण्याचा क्रम सांगाल का? घाई करून मला बिघडवायचं नाही.

---

उद्यमनगर
गुरुवार, रात्री ९:२५

सांगतो. सावकाश वाचा.

स्वच्छता. घंटेचा आतला भाग आणि पिस्टन पेट्रोलने आणि मऊ फडक्याने पुसा. पॉलिश पेपर, ब्रास ब्रश यांना हात लावायचा नाही. पिस्टनच्या कडेला तेलही लावायचं नाही. तेल फक्त मधल्या दांड्याच्या पोकळीत.

पडण्याची परीक्षा. पिस्टनच्या बुडातली छोटी भोकं बोटाने किंवा चिकणमातीच्या गोळीने बंद करा, डँपर लावा, आणि पिस्टन धरून घंटा उलटी सोडा. सव्वा इंची कार्बला घंटा पूर्ण खाली यायला ३ ते ५ सेकंद लागायला हवेत. पटकन पडली तर झिजलीय, अडकली तर मळ आहे.

सुई. तिचा खांदा पिस्टनच्या बुडाशी बरोबर सपाट यायला हवा. आत नाही, बाहेर नाही. पट्टी लावून बघा. स्क्रू माफक आवळा.

जेट मध्यावर आणणे. या एका कामावर सगळं अवलंबून आहे. जेटचा चोकचा दुवा सोडवा. खालचा मिश्रणाचा नट आणि स्प्रिंग काढा, स्प्रिंगशिवाय नट पूर्ण वर चढवा आणि जेट वर दाबून ठेवा. मग जेटच्या बेअरिंगचा मोठा नट किंचित ढिला करा, जेमतेम हलेल इतका. डँपर काढा, वरच्या भोकातून पेन्सिलीने पिस्टन अलगद खाली दाबून धरा. सुई स्वतः जेटला मध्यावर आणते. तसाच दाबून ठेवून मोठा नट आवळा. आता पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. खाली आपटताना धातूचा स्पष्ट 'टक्' यायला हवा. मग जेट पूर्ण खाली करून परत सोडा. दोन्ही वेळा टक् सारखाच हवा. जेट खाली असताना टक् चोख आणि वर असताना मऊ, तर अजून मध्यावर नाही. परत करा. मला कधी कधी सहा वेळा करावं लागायचं.

फ्लोट. झाकण उलटं धरा. फ्लोटच्या वजनाने सुई बसलेली असताना फ्लोट आणि झाकण यांच्यामध्ये एक ते दीड सूत फट हवी. एक सुताचा ड्रिल बिट आडवा घालून बघा, हे सोपं.

मॅनिफोल्डवर. मधला उष्णतारोधक ठोकळा विसरू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना नवी गॅस्केट. अर्ध्या इंचाचाच पाना घ्या. १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो पण सैल असतो, नटाची कड मारतो. दोन्ही नट आलटून पालटून, थोडं थोडं आवळा. एकच आधी कचकचून आवळला तर फ्लँज वाकते आणि हवा ओढते. फ्लोट चेंबर उभा आहे का ते गाडीवर बघा. मिनीच्या कार्बवर रबरी जोडाचा कोन वेगळा असू शकतो. तिरका दिसला तर जुन्या कार्बचा जोड घाला. थ्रॉटलचे आणि चोकचे दुवेही जुन्यावरचेच घ्या. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी जोडा.

मिश्रण. नट वर नेऊन जेट पुलाशी (पिस्टनखालच्या उंचवट्याशी) सपाट करा. तिथून नटाचे १२ पैलू (कडा) खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे. सुरुवात इथून.

डँपरचं तेल पोकळ दांड्याच्या टोकाच्या वर चार सूत येईल इतकं.

शेवटी चोकची केबल. ती थोडी सैल असू द्या. ताठ राहिली तर जेट कधीच पूर्ण वर बसत नाही आणि तुम्ही आठवडाभर मिश्रण शोधत बसाल.

---

हिरवी_मायनर
शनिवार, सायंकाळी ५:४०

अर्धं यश. टक् मिळवायला चार वेळा लागले, पण मिळाला तेव्हा कानाला कळलं. आधीचा आवाज ओल्या फडक्यावर चमचा पडल्यासारखा होता, नंतरचा ताटावर पडल्यासारखा.

फ्लोट चेंबर खरंच तिरका बसत होता. जुन्या कार्बचा रबरी जोड घातला, उभा झाला.

पण चावी फिरवल्यावर पंपाची टिकटिक थांबेना. मायनरला एसयूचा विजेवरचा पंप आहे. चावी दिली की तो टकटक करतो, फ्लोट चेंबर भरला की गप्प होतो. आज थांबलाच नाही, आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलची धार. लगेच चावी बंद केली, बॅटरीची तार काढली. अग्निशामक जवळ ठेवला होताच. इंजिन थंड होतं म्हणून निभावलं.

---

उद्यमनगर
शनिवार, सायंकाळी ६:१०

चावी बंद केली आणि तार काढली हे फार योग्य केलंत. आज पुन्हा चालू करू नका.

फ्लोटची नवी सुई-सीट घातली ना? सीटखाली वॉशर किती होते ते जुन्याशी जुळवलं का? आणि फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल गेलं असेल तर खुळखुळ ऐकू येईल.

---

हिरवी_मायनर
रविवार, सकाळी १०:३०

फ्लोट कोरडा आहे. वॉशर मूळ कार्बमध्ये एक होता, या कार्बमध्ये तो नव्हताच. आणि फ्लोटच्या सुईच्या टोकाशी काळा रबराचा कण अडकलेला होता, बहुतेक नवा पाइप कापताना आत गेलेला. सगळं धुतलं, वॉशर घातला, फट परत मोजली, सव्वा सूत. चावी दिली. टक टक टक टक... टक... आणि शांत. पाच मिनिटं कान लावून उभा होतो. एकही टिक नाही.

---

उद्यमनगर
रविवार, सकाळी ११:०५

आता इंजिन पूर्ण तापू द्या, दहा मैल चालवून आणा. मग कार्बच्या बाजूची उचलण्याची पिन हळूच दाबा. पिस्टन पाव सूत उचलला जाईल, त्याहून जास्त नको. स्लो वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, नट एक पैलू वर. स्लो पडून इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, एक पैलू खाली. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. प्रत्येक बदलानंतर इंजिनाला थोडी रेस द्या आणि मग परत बघा.

---

हिरवी_मायनर
रविवार, रात्री ८:२०

काका, ताई, जुनी_पोथी, सगळ्यांना.

१२ पैलूंवरून सुरुवात केली, शेवटी १४ वर थांबलो. पिन दाबली की स्लो हलकासा वर जातो आणि जागेवर येतो. मग मुलीला शेजारी बसवलं आणि लिकी हिल्सकडे गेलो. रोज हिलचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण चढली. एकही फटका नाही, चोक आत. वर पोचल्यावर थोडं थांबून दोन प्लग काढून बघितले. आधी खडूसारखे पांढरे पडायचे, आज फिकट तपकिरी.

खाली उतरताना मुलगी म्हणाली, बाबा, पणजोबांची गाडी असाच आवाज करायची का? मला माहीत नाही. पण गाडी त्याच घराण्याची आहे, आणि कार्ब एसयूचाच. आईला फोन करून आवाज ऐकवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक विचारायचं राहिलं. जुन्या कार्बच्या स्पिंडलचं काय करू? अंगातली भोकं लंबगोल झाली आहेत.

---

रेसकोर्स
रविवार, रात्री ९:००

अभिनंदन! वेबरचा सल्ला मी मागे घेतो. जाणून घ्यायला आवडेल, नुसती जाडी वाढवलेली स्पिंडल घातली तर चालेल का?

---

उद्यमनगर
सोमवार, सकाळी ७:४५

रेसकोर्स, भोक गोल असतं तर चाललं असतं. लंबगोल भोकात जाड स्पिंडल घातली तरी एका बाजूने हवा ओढणारच. अंग लेथवर नीट धरून दोन्ही भोकं एका रेषेत रीमरने मोठी करायची, पितळेचे बुश दाबून बसवायचे, आणि मग मूळ मापाची नवी स्पिंडल. चकतीचे दोन स्क्रू बसवल्यावर त्यांची टोकं फाकवायला विसरायचं नाही. एखादा सुटून इंजिनात गेला की व्हॉल्व्हचं काम निघतं. घरी ड्रिल मशीनवर करू नका, भोकं तिरकी गेली की ते अंग वाया जातं.

हिरवी_मायनर, ते अंग फेकू नका. घंटा, पिस्टन आणि त्यावरची मूळ ओळखपट्टी एकत्र बांधून, कापडात गुंडाळून ठेवा. आत्ता गाडीवर जो कार्ब आहे, त्याच्या घंटेच्या स्क्रूखाली साध्या अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी कापून लावा. त्यावर सुईचं नाव आणि तारीख ठोका. पुढे जो कोणी तो उघडेल त्याला शोधाशोध नको.

---

हिरवी_मायनर
सोमवार, रात्री १०:१५

पट्टी कापली. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा फार पातळ पडला, म्हणून जुन्या नंबरप्लेटचा तुकडा वापरला. 'एएन, लाल, १०९८' आणि आजची तारीख. अक्षरं थोडी वाकडी आली आहेत, पण वाचता येतात. सकाळी उजेडात फोटो टाकतो.